आली का? : चौदा सेकंदांच्या एका बाईचं प्रकरण

माझं दुकान नौपाड्यात, एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली. व्हीएचएस, व्हिडिओ-८, मिनी डीव्ही, घरोघरच्या माळ्यांवर जे काही पडलेलं असतं ते पेनड्राइव्हवर उतरवून द्यायचं, हा धंदा. दुकान मूळ बाबांचं. ते वीसेक वर्षं ठाण्यात लग्न-मुंजींचं शूटिंग करत. मी त्यांच्या मागे वायर धरून फिरायचो, तेव्हापासून या वासात आहे. जुन्या कॅसेटला वास असतो. माळ्यावरची धूळ, डांबरगोळी आणि दमट पुठ्ठा यांचं मिश्रण.

हे प्रकरण गेल्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमधलं. चौदा सेकंदांच्या एका तुकड्यातून ठाण्यात एक भूत कसं तयार झालं, कुणीकुणी त्याला हात लावला आणि शेवटी काय निघालं, ते जमेल तेवढं क्रमाने लिहितो. भुताला पहिला हात माझाच लागला, हे आधीच सांगून टाकतो. नावं कुणाचीच देत नाही.

कॅसेट

घोडबंदर रोडला राहणारा पस्तिशीचा एक ग्राहक स्वतःच्या मुंजीची कॅसेट घेऊन आला. ई-१८०, म्हणजे तीन तासांची. पाठीवर निळ्या शाईत 'मुंज, मे ९७'. खिडकीतून रिळाकडे पाहिलं तर कडेला पांढरी बुरशी धरलेली. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमट हवेत हे ठरलेलंच. असली कॅसेट तशीच व्हीसीआरमध्ये घातली तर बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या चार ग्राहकांच्या टेपाही नासतात. म्हणून पाच स्क्रू काढून कवच उघडलं, फीत साफ केली, चांगल्या कवचात बसवली.

कवच उघडताना एक गोष्ट दिसली होती, आणि मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. व्हीएचएसच्या पाठीला डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकची एक छोटी चिमटी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. लग्नाची कॅसेट हातात आली की लोक पहिल्यांदा ती चिमटी मोडत, नाहीतर घरातलं कुणीतरी त्यावर क्रिकेटची मॅच घ्यायचं. या कॅसेटची चिमटी मोडलेली होती. आणि मोडलेल्या भोकावर सेलोटेप लावलेली होती. म्हणजे कुणीतरी आधी जपायची ठरवलेली कॅसेट नंतर पुन्हा वापरली होती. पुढच्या सगळ्या गोंधळाचं उत्तर त्या अर्ध्या इंचाच्या सेलोटेपमध्ये होतं, आणि मी ती जुन्या कवचासकट कचऱ्यात टाकली.

मुंज एक तास बावन्न मिनिटांची. मातृभोजन, अष्टवर्ग, भिक्षावळ, पंगत. पंगतीतल्या जिलबीवर चित्र थांबतं, दोन-तीन सेकंद मुंग्या येतात आणि मग हा तुकडा:

आधी अंधार. पूर्ण काळोख नाही, करड्या दाण्यांची वळवळ. चौथ्या सेकंदाला काहीतरी जड वस्तू ठेवल्याचा 'धप्प' आवाज. क्षणभर शांतता. मग पुरुषी, दबका, पाण्याखालून यावा तसा आवाज: "...आली का?" त्यावर लगेच चित्र लखलखतं आणि विझतं. पुन्हा लखलखतं. दिसते ती एक खोली, मधोमध फुलांच्या माळा लावलेला रिकामा झोपाळा, आणि तो झुलतोय. मागच्या दारात फिक्या नऊवारीतली एक बाई. तिला चेहरा नाही, चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग, छातीशी दुसरा त्याहून लखलखीत पांढरा गोळा. चित्र विझतं. परत येतं तेव्हा बाई झोपाळ्याच्या अलीकडे पोचलेली. कोपऱ्यात आकडे उमटतात, १.१.९०. संपलं. पुढे कोरी फीत.

मी दुकानात एकटा होतो, बाहेर धो धो पाऊस. खोटं कशाला बोलू, मी मागे वळून जिन्याकडे पाहिलं.

आणि मग मी तेच केलं जे घाबरलेला मराठी माणूस करतो. विनोद. फाइल पाठवताना ग्राहकाला लिहिलं, "मुंजीला मुंजा येतो ऐकलं होतं, तुमच्याकडे मुंजीण आलीय. १:५२:१० बघा."

विनोदाचं हसू गळतं तेव्हा

त्याने तो तुकडा घरच्या ग्रुपवर टाकला. त्याच्या मेहुण्याने पाहणाऱ्यांचा वेळ वाचावा म्हणून सुरुवातीच्या मुंग्या आणि अंधार कापला. नऊ सेकंद उरली, "आली का?" पासून सुरू होणारी. एवढ्या एका कात्रीने बरंच काही गेलं. मुंग्या गेल्या म्हणजे ही दोन वेगळी रेकॉर्डिंग आहेत याचा पुरावा गेला, आणि अंधार गेला म्हणजे 'काय आली' या प्रश्नाचा संदर्भ गेला. मेहुण्याच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. लांब व्हिडिओ कुणी बघत नाही, हे त्याचं म्हणणं खरंच आहे.

तिथून ती नऊ सेकंदं ठाणेकरांच्या हाती लागली. पहिला आठवडा निव्वळ मजेचा होता. "आली का?" या प्रश्नाला जो तो आपलं उत्तर जोडून पुढे पाठवत होता. "नाही, घोडबंदरला अडकलीय." "आज पण दांडी, वहिनी तुम्हीच घासा." "मेट्रो? अजून नाही." "आली, पण एसी लोकल होती, आपला पास चालत नाही." बाईला नावही मिळालं: आलीकाबाई. इथे व्याकरणाने किती काम केलं ते बघा. आवाज "आला का?" असता तर सगळे विनोद पगारावर गेले असते आणि दोन दिवसांत विरले असते. स्त्रीलिंगामुळे लोकल, मेट्रो, कामवाली, नोटीस सगळ्याच रांगेत उभ्या राहिल्या, आणि त्या रांगेत एक बाई आपोआप येऊन मिसळली.

दुसऱ्या आठवड्यापासून सूर बदलला. माझ्या दुकानात दिवसाला पाच-सात माणसं येतात, प्रत्येकाच्या मोबाइलवर आवृत्ती वेगळी. मी त्या मागून घेऊन साठवायला लागलो, आधी गंमत म्हणून आणि मग पोटात गोळा आल्यामुळे. एकूण एकतीस आवृत्त्या जमल्या. त्या तारखेप्रमाणे लावल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली. या दंतकथेतलं एकही 'तथ्य' कुणी खोटं बोलून घुसडलेलं नव्हतं. प्रत्येक तथ्य आधी कुणाचा तरी विनोद होता.

कुणीतरी कोपऱ्यातली तारीख पाहून लिहिलं होतं, "नव्वद साली लाइट बिल भरलं नाही म्हणून मीटर काढून नेला, तेव्हापासून बाई बिल शोधतेय." चार हातांनंतर ते झालं, "१९९० साली विजेच्या धक्क्याने गेलेली बाई." दुसऱ्याने लिहिलं होतं, "ही येऊरला गेली तर बिबटे खाली वागळे इस्टेटला राहायला येतील." त्यातून निघालं, "व्हिडिओ येऊरच्या एका बंद बंगल्यातला आहे." सोसायटीचा मेंटेनन्स थकवणाऱ्यांच्या दारात ती उभी राहते, हा कुठल्या तरी खजिनदाराचा टोमणा. तो तर जवळजवळ तसाच राहिला, फक्त थकबाकीदारांचे मजले त्यात आले. छातीशी चमकणाऱ्या गोळ्यावर कुणी म्हणालं, "बाईच्या काळजात एलईडी आहे." ते झालं, "तिच्या छातीत दिवा जळतो." आणि जुलैच्या शेवटी दिव्याची अवस आली. नेमकी दिव्याची! बाकी जग गटारीच्या तयारीत असताना आमच्या इमारतीतल्या दोन घरांनी संध्याकाळी सातनंतर दार उघडायचं नाही असं ठरवलं.

हाकामारीची भर अर्थातच पडली. रात्री ओळखीच्या आवाजात हाक मारते, ओ दिली की माणूस संपला, ही गोष्ट माझ्या आजीने मला सांगितलेली. आलीकाबाईच्या गोष्टीत ती अशी बसली: "बाहेरून 'आली का' असं दोनदा विचारलं तर उत्तर देऊ नका." मूळ तुकड्यात विचारणारा पुरुष आहे आणि बाई गप्प आहे, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. जुन्या भुताला नवा व्हिडिओ मिळाला होता, तेवढं पुरे होतं.

विनोद लिहून पुढे पाठवला की शब्द राहतात, हसू राहत नाही. टोमणा मारणाऱ्याच्या भुवया, डोळा मिचकावणं, 'बघ हं' म्हणून दिलेला धक्का, यातलं काही फॉरवर्डमध्ये जात नाही. तिसऱ्या माणसाला फक्त वाक्य मिळतं. तो ते माहिती म्हणून वाचतो.

हे ठाण्यातच घडतं असं मुळीच नाही. १९८७च्या 'थ्री मेन अँड अ बेबी' या हॉलिवूडपटाची व्हिडिओ कॅसेट घरोघर भाड्याने जायला लागली, तेव्हा एका दृश्यात खिडकीच्या पडद्याआड उभा असलेला मुलगा लोकांना दिसू लागला. त्या घरात जीव दिलेल्या पोराचं भूत, अशी कथा अमेरिकाभर पसरली. थिएटरात ते कुणाला दिसलं नव्हतं. कॅसेट मागे नेता येते, थांबवता येते, म्हणून ते दिसलं. तो होता टेड डॅन्सन या नटाचा पुठ्ठ्याचा पुतळा, कथानकाच्या कापून टाकलेल्या भागासाठी केलेला आणि सेटवर राहून गेलेला. आणि ज्या 'घरात' मुलगा गेला म्हणत होते ते घरच नव्हतं, टोरांटोच्या स्टुडिओतला सेट होता. अलीकडचं उदाहरण पिवळ्या भिंतींच्या त्या रिकाम्या खोल्यांचं, 'बॅकरूम्स'. २०१९ साली एका निनावी फोटोवरून तिथे अख्खं पाताळ उभं राहिलं, गेम झाले, चित्रफिती झाल्या. २०२४ मध्ये फोटोचा उगम सापडला: विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावातलं एक दुकान, नूतनीकरण चालू असताना काढलेला फोटो. उगम सापडला म्हणून पाताळ काही ओस पडलं नाही.

बोहारीण

इथपर्यंत मी हसत होतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आलेल्या आवृत्तीवर ओळ होती: "सावधान. ही बाई कळवा-विटावा भागात फिरते. भांड्याच्या चकाकीने लहान मुलांना भुलवते." भूत गेलं होतं आणि त्याच्या जागी हाडामांसाची गुन्हेगार बाई आली होती. ही पायरी कुणी चढवली ते माझ्या एकतीस आवृत्त्यांत सापडत नाही. हा एकच टप्पा असा आहे की त्यामागचा विनोद मला मिळाला नाही.

त्याच आठवड्यात आमच्या मागच्या गल्लीतल्या एका सोसायटीच्या फाटकावर बोहारणीला अडवलं. या बाई पंधरा वर्षं त्या गल्लीत येतात. नऊवारी, डोक्यावर जुन्या कपड्यांचं गाठोडं, हातात स्टीलची भांडी, त्यातलं सगळ्यांत मोठं ताट छातीशी धरलेलं. नव्या वॉचमनने मोबाइलवरचं चित्र काढलं आणि त्यांच्या शेजारी धरलं. शाळेची बस यायची वेळ, आया फाटकावर जमलेल्या. कुणी फोटो काढतंय, कुणी "आधार कार्ड दाखवा" म्हणतंय. गाठोडं उघडायला लावलं. त्यातून काय निघणार? दोन पँटी, एक शालू, कुणाचा तरी रंग गेलेला स्वेटर.

मी आवाज ऐकून गेलो तेव्हा त्या खाली बसलेल्या होत्या आणि एकेक कपडा पुन्हा घडी करून गाठोड्यात ठेवत होत्या. अगदी शांतपणे, कडेला कड लावून. हात मात्र थरथरत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका खाली उतरल्या, त्यांनी वॉचमनला झापलं, "माझ्या घरातली निम्मी भांडी यांच्याकडची आहेत." गर्दी पांगली. कुणाला मार बसला नाही, पोलीस आले नाहीत, बातमी झाली नाही. त्या बाई त्यानंतर गल्लीत आलेल्या नाहीत.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारे डवरी गोसावी समाजाचे लोक होते ते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर केली. त्या वर्षी देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंत मोटारसायकलवरून मूल उचलून नेण्याचा एक होता. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेला जागृतिपट. शेवटी मूल परत आणून देतात आणि संदेशाची पाटी दाखवतात, तेवढाच भाग कुणीतरी कापला होता. आमच्या गोष्टीतल्या मेहुण्याने कापले त्याहून फार जास्त सेकंद नसतील ते.

मी दुकान बंद करून घरी गेलो. "मुंजीण आलीय" हे माझे शब्द होते.

बाबा

बाबा जुलैभर डोंबिवलीला आत्याकडे होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, मोबाइल बघायला बंदी. ठाण्यात एवढं चाललंय याचा त्यांना पत्ताच नव्हता, आणि मीही सांगितलं नाही. ते परत आल्यावर डोळ्यांत थेंब घालता घालता मी सहज विषय काढला. "लाव," म्हणाले. मी मूळ चौदा सेकंदं लावली, मुंग्यांसकट.

अंधारातच त्यांनी मान हलवली. 'धप्प' झालं तसे म्हणाले, "सनगन ठेवली मी." सनगन म्हणजे शूटिंगचा प्रखर दिवा. मग आवाज आला. बाबा म्हणाले, "लाइट आली का, विचारतोय. माझाच आवाज आहे. तुला ओळखू नाही आला?"

नाही आला. शेहेचाळीस वर्षं ऐकतोय, तरी नाही.

मग झोपाळा दिसला आणि सगळंच उलगडलं. ते डोहाळजेवण होतं. चरईतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, फेब्रुवारी १९९७. बाबांची ऑर्डर-वही अजून आहे, त्यात नोंद सापडली. फुलांच्या वाडीसाठी सजवलेला झोपाळा, त्यावर ओटीचं सामान, खाली रांगोळी. बाबांनी उजेडासाठी हजार वॅटच्या दोन सनगन त्याच खोलीतल्या एका बोर्डावर लावल्या. हिशेब सोपा आहे: दोन हजार वॅटला २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर लागतात, आणि घरातलं दिव्यांचं सर्किट पाच अँपिअरचं. किटकॅट फ्यूजमधली तार उडाली. घर अंधारात. गरोदर बाईला लोकांनी हात धरून झोपाळ्यावरून उतरवलं, म्हणून तो रिकामा झुलत होता. बाबांनी तापलेली सनगन जमिनीवर ठेवली आणि फ्यूज बांधायला गेलेल्या माणसाला ओरडून विचारलं. कॅमेरा बॅटरीवर होता, तो खांद्यावर चालूच राहिला. अंधारात चाचपडताना तारखेचं बटण दाबलं गेलं. कॅमेऱ्यातला छोटा सेल कधीच मेलेला, त्यामुळे घड्याळ कारखान्यातल्या आरंभाच्या तारखेवर अडकलेलं, १.१.९०. लाइट आली तसं बाबांनी रेकॉर्डिंग थांबवलं.

बाईचं येणं-जाणं म्हणजे ट्यूबलाइट. चोक आणि स्टार्टरवाली जुनी ट्यूब आठवत असेल त्याला जास्त सांगायला नको. दोन-चारदा लपलपते आणि मग पेटते. ट्यूब विझलेल्या क्षणात बाई दोन पावलं चालली, एवढंच. आणि चेहऱ्याचा पांढरा डाग दिसतो तो कॅमेऱ्याच्या डोळ्यामुळे. अंधारात कॅमेरा आपली बाहुली पूर्ण उघडतो. अचानक उजेड आला की ती मिटायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात जे फिकं असेल ते पांढरं फटक होऊन जातं. छातीतला दिवा? स्टीलचं ताट.

आता 'लाइट' हा शब्द कुठे गेला? कॅमेऱ्याचा माइक आवाजाची पातळी आपणहून सांभाळतो. मोठा आवाज आला की चटकन कान मिटतो आणि हळूहळू उघडतो. सनगनच्या 'धप्प'ने कान मिटला, 'लाइट' त्या मिटलेल्या कानात बुडाली, 'आली का' वर येईपर्यंत तो उघडला होता. त्यात व्हीएचएसचा आवाज फितीच्या काठावरच्या पट्टीत असतो आणि फीत सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर सरकते, म्हणजे साध्या ऑडिओ कॅसेटच्याही निम्म्या वेगाने. व्यंजनं तिथे आधीच गिळली जातात.

मी तेवढा भाग उचलून, घासून, स्वच्छ करून ऐकला आणि मला 'लाइट' लख्ख ऐकू आलं. तरी मनात पाल चुकचुकली. बाबांनी सांगितल्यामुळे तर येत नाही? म्हणून दुकानातल्या पोराला, समोरच्या झेरॉक्सवाल्याला आणि चहावाल्याला काही न सांगता तोच तुकडा ऐकवला. एकाला 'माई आली का' ऐकू आलं. एकाला 'राइट'. चहावाला म्हणाला, "भाऊ, नुसतं खर्र वाजतंय." तेव्हा आवाजाचा पुरावा म्हणून मी तो धरत नाही. वही, बाबांची आठवण आणि ती कचऱ्यात गेलेली सेलोटेप, एवढ्यावर माझं म्हणणं उभं आहे. सेलोटेप बाबांनीच लावली होती. डोहाळजेवणाची पक्की कॅसेट एडिट करून गिऱ्हाइकाला गेली, कच्ची कॅसेट हातात राहिली. तीन महिन्यांनी मुंजवाल्यांना स्वस्तात काम हवं होतं. कोरी कॅसेट म्हणून तीच लावली. मुंज एक तास बावन्न मिनिटांत संपली आणि तिच्या मागे जुन्या रेकॉर्डिंगची शेपटी उरली.

"तेव्हा सगळेच करायचे," बाबा म्हणाले. मी काही बोललो नाही. मुंजवाल्यांना अर्धे पैसे परत द्यावेत का यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी पेनड्राइव्हचे पैसे घेतले नाहीत.

खुलासा

मी सहा मिनिटांचा व्यवस्थित खुलासा रेकॉर्ड केला. फ्यूज, अँपिअर, ट्यूब, सगळं. तो पाहिला माझ्या बायकोने, आणि तिनेही दीडपटीने. मग बाबांची आयडिया. त्यांनी मूळ चौदा सेकंदांच्या शेवटी आपला आजचा चेहरा जोडला, डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि त्याच सुरात म्हणाले, "लाइट! लाइट आली का?" पंधरा ऑगस्टच्या आत तो ठाणेभर फिरला. एकदा 'लाइट' ऐकलं की मूळ तुकड्यात दुसरं काही ऐकूच येत नाही, या खोडीचा मी पुरेपूर फायदा घेतला. पुराव्याने पटलं की खोडीने पटलं, हे मी विचारत बसलो नाही. कळव्याची ओळ त्यानंतर माझ्याकडे आलेली नाही. मेंटेनन्सवाली अजून येते.

हा नवा तुकडा पाठवून व्हिडिओतल्या बाईंचा चेहरा पुन्हा ठाणेभर फिरण्याआधी, चेहरा म्हणजे पांढरा डाग, त्यांना विचारायला हवं असं बाबांचं म्हणणं होतं. चरईची इमारत पाडून नवी झालीय, पण घर त्याच कुटुंबाचं. त्या वेळी झोपाळ्यावर बसलेल्या बाई आता स्वतः सासूबाई झाल्यात. त्यांनी ओळखलं: "अहो, त्या शेजारच्या काकू. सकाळपासून आमच्याकडे राबत होत्या. हल्ली कोपरीला लेकीकडे असतात."

आम्ही दोघं कोपरीला गेलो. काकू ८१ वर्षांच्या, तल्लख. चहा झाला. मी मोबाइल पुढे केला तशा म्हणाल्या, "ही होय? ही माझ्याकडे आलीय." आणि त्यांनी आपला मोबाइल काढून दाखवला. भजनी मंडळाच्या ग्रुपवर, दिव्याच्या अवसेच्या आदल्या दिवशी, त्यांनी स्वतः पुढे पाठवलेला. खाली त्यांच्या हाताने लिहिलेलं: "सर्व भगिनींनी काळजी घ्यावी. अनोळखी बाईला दार उघडू नये."

बाबांनी सगळं सांगितलं. काकूंनी चष्मा बदलला, तुकडा तीनदा पाहिला. चेहऱ्यावर त्यांची नजर थांबलीच नाही. बोट गेलं ते छातीवरच्या गोळ्यावर.

"हे ताट माझं. नाव घातलेलं होतं त्यावर. लाडू ठेवून दिलं होतं त्यांना, परत नाही केलं."

बाबांनी तिथूनच चरईला फोन लावला. ताटाची चौकशी पाच मिनिटं चालली. मोठ्या कपाटात बघते, असं आश्वासन मिळालं. तेवढ्या वेळात काकूंनी हळूहळू, एकेक अक्षर दाबत ग्रुपवर लिहिलं: "काळजी करू नये. त्या व्हिडिओतली बाई मी आहे."

आम्ही चपला घालत होतो तेव्हा त्यांच्या मोबाइलवर टिंग झालं. मंडळाच्या अध्यक्षांचं उत्तर होतं.

"काकू, खात्री केल्याशिवाय असे मेसेज पाठवू नका."